टांगलेल्या दाण्यांभोवती

पाखरांना दाणे घालणे आणि पाखरे पाहता यावीत म्हणून दाणे टांगणे ही दोन कामे वरवर सारखी दिसली, तरी त्यांचा हेतू एक नाही. काकबळी ठेवणारा कावळ्याने घास शिवला की मागे वळतो, आणि कबुतरखान्यावर ज्वारी ओतणाऱ्याला खाणारे पाखरू कोणते याच्याशी फारसे कर्तव्य नसते. बागेत फीडर टांगणारा माणूस मात्र दाणे भरून झाले की खिडकीमागे जाऊन बसतो, कारण त्याला दाण्यांचा मोबदला हवा असतो आणि तो मोबदला म्हणजे दर्शन. फीडर म्हणजे जाळीचे किंवा पारदर्शक नळीचे, अंगाला जागोजागी भोके असलेले आणि प्रत्येक भोकाखाली बसायला आडवी काडी लावलेले दाण्यांचे भांडे. ही पद्धत ज्या देशात सर्वाधिक रुजली त्या ब्रिटनमध्ये १८९०-९१ चा हिवाळा इतका कडक गेला की वृत्तपत्रांनी पाखरांना अन्न घालण्याचे आवाहन केले, आणि पुढच्या वीस वर्षांत ही सवय एवढी पसरली की १९१० साली ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाने तिची गणना राष्ट्रीय विरंगुळ्यांत केली.

फीडरकडे पाहणाऱ्याची समजूत अशी असते की आपण निसर्गाकडे उघडणारी एक झडप उघडली असून जे रानात आहे ते आता दारात येणार आहे. ही समजूत अर्धीच खरी आहे. भोकाचा व्यास, दाण्याची जात, काडीची लांबी, झुडपापासूनचे अंतर या प्रत्येक गोष्टीतून माणूस कळत-नकळत पाहुण्यांची निवड करत असतो, आणि काही दशके ही निवड चालली की पाहुणेही तिच्याप्रमाणे बदलू लागतात. म्हणून फीडरवर काय दिसते हे समजून घ्यायचे तर आधी फीडरमध्ये काय भरले आहे ते पाहावे लागते.

या भरण्याच्या पदार्थांत महाराष्ट्राच्या ओळखीचा एक दाणा आहे. पावसाळा ओसरताना नाशिक आणि पालघरकडच्या डोंगरउतारांवर पिवळ्या फुलांनी जी शेते उजळून निघतात ती कारळ्याची, म्हणजेच खुरासणीची, आणि ज्या काळ्या, बारीक, तेलकट बियांची चटणी भाकरीबरोबर खाल्ली जाते, त्याच बिया ब्रिटनमधील आणि अमेरिकेतील बागांत गोल्डफिंच या पाखरासाठी टांगल्या जातात. मूळ इथिओपियाकडच्या या पिकाचे बी भारतातूनही निर्यात होते. मात्र अमेरिकेत उतरण्यापूर्वी ते तापवून निर्जीव करावे लागते, कारण त्यात अमरवेलीचे बी मिसळलेले असण्याची शक्यता असते आणि ही परोपजीवी वेल तिथल्या शेतात नको असते. कारळ्याचा फीडर वेगळाच असतो. त्याच्या नळीला गोल भोकांऐवजी अरुंद चिरा असतात. गोल्डफिंचची चोच चिमणीच्या मानाने बारीक आणि टोकदार असते, कारण काटेरी बोंडांच्या आत शिरून बी उपसणे हा तिचा मूळचा उद्योग. त्यामुळे जाड चोचीची पाखरे जिथे हताश होतात त्या चिरेतून ती सहज दाणा काढते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये पाहणी केलेल्या दर पाच बागांपैकी एकीतही हे पाखरू फीडरवर धड येत नव्हते. चाळीस वर्षांनंतर ते पाचांपैकी चारांहून अधिक बागांत येऊ लागले. या वाढीचे सारे श्रेय कारळ्याला देता येणार नाही, सूर्यफुलाच्या सोललेल्या बियांचाही त्यात मोठा वाटा आहे. पण सुरगाण्याच्या उतारावरचे पीक आणि लंडनच्या उपनगरातले लाल तोंडाचे पाखरू यांचा असा संबंध असावा, याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

दुसरा ओळखीचा जिन्नस मिरची. फीडरवर न बोलावता येणाऱ्यांत पहिला क्रमांक करड्या खारीचा. ही मूळची अमेरिकेची खार १८७६ साली इंग्लंडच्या चेशायर परगण्यातील एका इस्टेटीत हौसेने सोडण्यात आली आणि आज ती तिथल्या तांबड्या देशी खारीला हुसकावून बसली आहे. तिला रोखण्यासाठी दाण्यांना तिखट पूड चोळून विकतात. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य सस्तन प्राण्यांच्या ज्या चेतातंतूंना आगीसारखे जाणवते, ते पक्ष्यांच्या तंतूंना जाणवतच नाही, कारण त्यांच्या पेशींवरील उष्णता ओळखणारे प्रथिन घडणीने जरा निराळे असते. पिंजऱ्यातला पोपट हिरवी मिरची मिटक्या मारत खाताना ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. हाच आपला कंठवाला पोपट पिंजऱ्यातून सुटून १९७० च्या आसपासपासून इंग्लंडमध्ये रानात वाढू लागला. युरोपातील या पोपटांच्या जनुकांची तपासणी झाली तेव्हा त्यांचे मूळ बहुतांशी पाकिस्तान आणि उत्तर भारताकडचे निघाले. लंडनच्या फीडरवर तो आला की देशी पाखरांचे खाणे कमी होते आणि त्यांचा मान वळवून पाहण्यात जाणारा वेळ वाढतो, हे प्रयोगाने दिसले आहे. त्याला मिरचीने रोखता येत नाही. त्याच्यासाठी फीडरभोवती बाहेरून पिंजराच घालावा लागतो, म्हणजे लहान पाखरे आत जाऊन खातात आणि पोपट गजाबाहेर राहतो.

पाहण्याला शिस्त लागली की ते मोजणे होते. ब्रिटनमधील पक्षिसंरक्षण संस्था आर.एस.पी.बी. हिने १९७९ साली सुरू केलेल्या बागेतील पक्षिगणनेत लोक जानेवारीअखेरच्या शुक्रवार ते रविवार या दिवसांत कोणताही एक तास निवडून नोंद करतात, आणि या नोंदीचा नियम मोठा मार्मिक आहे. तासाभरात एकूण किती पाखरे आली हे लिहायचे नसते, तर एका वेळी एका जातीची जास्तीत जास्त किती दिसली तेवढेच लिहायचे असते. तेच पाखरू दहा वेळा आले तर त्याची दहा पाखरे होऊ नयेत म्हणून ही काळजी. पण उलट बाजूने पाहिले तर या आकड्यात प्रत्यक्षापेक्षा कितीतरी कमी पाखरे उतरतात, कारण पायात कडी घातलेल्या पाखरांवरून असे आढळते की बागेतले ‘नेहमीचे चार’ हे सकाळचे चार निराळे आणि दुपारचे चार निराळे असू शकतात. खिडकीतल्या माणसाने नाव ठेवलेला त्याचा लाडका पाहुणा म्हणजे पुष्कळदा एकसारखे दिसणारे अनेक पाहुणे असतात.

मोजण्यापलीकडे वागणुकीचा अभ्यासही याच दाण्यांभोवती झाला. १९२१ साली साउदॅम्प्टनजवळच्या स्वेदलिंग गावात टिट कुळातील पाखरे दारात ठेवलेल्या दुधाच्या बाटल्यांची झाकणे फोडून वरची साय खाताना प्रथम नोंदली गेली, आणि ही विद्या गावोगाव कशी पसरली याचा आढावा जेम्स फिशर आणि रॉबर्ट हाइंड यांनी १९४९ साली प्रसिद्ध केला. एकाचे पाहून दुसरे शिकते की प्रत्येक जण आपापला शोध लावतो, हा तेव्हाचा वाद ऑक्सफर्डजवळच्या वायथम रानात झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने बराचसा मिटवला. तिथे अळ्या भरलेल्या डबीचे सरकते दार उजवीकडूनही उघडे आणि डावीकडूनही. संशोधकांनी रानाच्या एका भागातील दोन ग्रेट टिटांना पकडून एकच बाजू शिकवून सोडले, दुसऱ्या भागातील दोघांना दुसरी. आणि पाखरांच्या पायातील बारीक इलेक्ट्रॉनिक खुणा वाचणारी यंत्रे डब्यांना लावून ठेवली. काही आठवड्यांत त्या त्या भागातील बहुतेक पाखरे दार उघडू लागली, तीही आपल्या भागातल्या शिकवलेल्या बाजूनेच. दुसरी बाजू तितकीच सोपी आहे हे ज्यांना अपघाताने कळले तीही पुष्कळदा चारचौघांच्या रीतीकडे वळली.

छायाचित्रणाची गोष्ट याहून जुनी आहे. यॉर्कशायरचे रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे भाऊ १८९२ पासून घरट्यांची छायाचित्रे घेऊ लागले, आणि पाखरांना आपण दिसू नये म्हणून त्यांनी केलेल्या सोंगांपैकी सर्वांत गाजलेले सोंग म्हणजे बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल, ज्याच्या पोटात माणूस कॅमेरा घेऊन ओणवा उभा राही. आजच्या बागेत हा बैल लागत नाही. खिडकी हेच लपण ठरते. खोलीतला दिवा मालवून लेन्सचे तोंड काचेला अगदी भिडवले की काचेतले प्रतिबिंब नाहीसे होते, आणि आतल्या अंधारातील हालचाल बाहेरच्या पाखराला सहसा कळत नाही. काचेचा दुसरा धोका मात्र पाखरालाच असतो, कारण काचेत उमटलेले झाड त्याला खरे वाटते. फीडर काचेपासून एक मीटरच्या आत टांगला तर दचकून उडालेल्या पाखराला वेग घेण्याइतकी जागाच मिळत नाही आणि धडक जीवावर बेतत नाही. तीन-चार मीटरांवर टांगलेला फीडर अधिक धोक्याचा, आणि गंमत अशी की छायाचित्रासाठी नेमके तेच अंतर सर्वांत सोयीचे वाटते. अशा वेळी काचेच्या बाहेरच्या अंगाला जवळजवळ ठिपके चिकटवणे किंवा जाळी लावणे हाच खरा उपाय.

ज्याला छायाचित्रण हवे त्याला फीडरचे छायाचित्र नको असते, हे जरा विचित्र वाटले तरी खरे आहे. प्लास्टिकच्या नळीवर बसलेले पाखरू कुणाच्या मनात भरत नाही; म्हणून जाणते लोक फीडरपासून हात-दीड हातावर शेवाळलेली, सालपट सुटलेली एक डहाळी रोवतात. पाखरे दाण्यावर सरळ झेप घेत नाहीत. आधी जवळ टेकून इकडेतिकडे पाहतात आणि मग पुढे जातात. तो क्षणभराचा विसावा या डहाळीवर घडावा अशी ही तजवीज असते. डहाळीमागचे झुडूप जितके दूर, तितकी पार्श्वभूमी विरघळून एकरंगी होते. एखाद्या बक्षीसपात्र छायाचित्रात रानातल्या एकाकी फांदीवर बसलेले पाखरू दिसते तेव्हा चौकटीच्या कडेला, एक वीत बाहेर, शेंगदाण्यांची पिशवी लोंबत असण्याचा संभव बराच असतो. यात फसवणूक आहे असे म्हणता येणार नाही, पण छायाचित्राखाली ‘रानातील’ असा शब्द लिहिताना पेन किंचित अडखळले तर बरे.

अंकगणित मात्र निष्ठुर आहे. ब्लू टिट हे पाखरू वजनाने सुमारे ११ ग्रॅम, म्हणजे दोन-तीन नाण्यांइतके, आणि लांबीला १२ सेंटिमीटर. फुल-फ्रेम कॅमेऱ्याला ४०० मिलिमीटरची लेन्स लावली, तिचे प्रकाश आत सोडणारे छिद्र ५.६ या आकड्यावर ठेवले आणि पाखरू ४ मीटरांवर असले, तर चित्रात रेखीव दिसणारा पट्टा जेमतेम ३ सेंटिमीटर खोल असतो. म्हणजे डोळा रेखीव आला तर शेपटी धूसर होणारच, आणि म्हणूनच फोकस नेहमी डोळ्यावर धरावा लागतो. वेगाचेही तसेच. सेकंदाला ५ मीटर अशा बेताच्या वेगाने निघालेले पाखरू एका सेकंदाच्या हजाराव्या भागात ५ मिलिमीटर सरकते, आणि ब्लू टिटच्या बाबतीत एवढ्याने त्याचा डोळा, चोच आणि गालावरची काळी रेघ सगळे एकमेकांत मिसळून जाते. बसलेल्या पाखरासाठी चालणारा शटरचा वेग उडत्या पाखरासाठी म्हणूनच अगदी अपुरा ठरतो.

हे सारे साधून मिळालेले चित्र शब्दांत न सापडणाऱ्या गोष्टी सांगते. वसंतात एखाद्या टिटची शेपटी एका बाजूला वाकलेली दिसली, तर ती अरुंद ढोलीत अंड्यांवर बसून आलेली मादी असल्याचा अंदाज करता येतो. उलट काही गोष्टी उत्तम कॅमेराही सांगत नाही. ब्लू टिटचे नर-मादी माणसाला जवळपास सारखे दिसतात. त्यांच्या निळ्या टोपीतून परावर्तित होणाऱ्या अतिनील प्रकाशात मात्र त्यांच्यात स्पष्ट फरक असतो आणि तो त्या पाखरांना दिसतो. माणसाच्या डोळ्यांना अतिनील प्रकाश दिसत नाही, आणि कॅमेऱ्यातील काचा तो बहुतांशी गाळून टाकतात.

कोणते पाखरू किती वेळ उभे राहणार हे खाण्याच्या रीतीवर ठरते. टिट एक दाणा उचलून पळते, फांदीवर तो पायाखाली धरून चोचीने फोडते आणि पुन्हा येते. छायाचित्रकाराला ते क्षणार्धच मिळते. ग्रीनफिंच मात्र काडीवर ठाण मांडून दाणा चोचीतच सोलते, टरफल खाली टाकते, अर्धवट चघळलेला दाणा पुन्हा ताटात पाडते आणि मिनिटे न् मिनिटे हलत नाही. नवशिक्याचे पहिले चांगले छायाचित्र बहुधा तिचेच निघते. याच बैठकीने तिचा घात केला. पारवे आणि होले यांच्या घशात राहणारा ट्रायकोमोनास हा एकपेशीय परोपजीवी २००५ च्या सुमारास ब्रिटनमध्ये फिंच कुळात शिरला. तो लाळेतून आणि पाण्यातून पसरतो. घशात गाठी येतात, दाणा गिळता येत नाही, चोचीभोवतीची पिसे ओली राहतात आणि पाखरू अन्नाने भरलेल्या ताटात बसून उपाशी मरते. २००९ पर्यंत तिथल्या ग्रीनफिंचची संख्या अंदाजे ४३ लाखांवरून २८ लाखांवर आली आणि २०२१ साली या जातीचा समावेश धोक्याच्या लाल यादीत झाला. म्हणून पिसे फुगवून बसलेले, माणूस दोन हातांवर आला तरी न उडणारे, कॅमेऱ्यासाठी जणू मुद्दाम थांबलेले पाखरू दिसले, तर ते धीट नव्हे तर आजारी आहे असे धरून कॅमेरा खाली ठेवावा आणि फीडर उतरवून धुवावा, वाळवावा व काही आठवडे रिकामा ठेवावा. सपाट पाट्या, ज्यांवर दाणा, विष्ठा आणि लाळ एकत्र होतात, त्या यात विशेष धोक्याच्या मानल्या जातात. खवट, बुरशी लागलेले शेंगदाणे हे दुसरे विष. माणसाने जे खाऊ नये ते पाखरालाही घालू नये.

पाहुणे बदलतात असे वर म्हटले, त्याचा सर्वांत ठोस पुरावा ब्लॅककॅप या काळ्या टोपीच्या लहानशा पाखराने दिला आहे. मध्य युरोपात वीण करणारी ही पाखरे पूर्वी हिवाळ्यात नैर्ऋत्येला स्पेनकडे जात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांतील काही वायव्येला ब्रिटनकडे येऊ लागली. पीटर बेर्टहोल्ट यांच्या चमूने ब्रिटनमध्ये हिवाळा काढणाऱ्या ब्लॅककॅपची पिल्ले पिंजऱ्यात वाढवली, तेव्हा आईबापांबरोबर कधीही प्रवास न केलेली ती पिल्लेही वायव्येकडेच तोंड करून फडफडू लागली. दिशा रक्तातच उतरली होती. या वाटेने जाणाऱ्या पाखरांचे पंख थोडे गोलसर आणि चोची अरुंद असल्याचे पुढे मोजमापांतून दिसले, आणि एवढा फरक पडायला तीस पिढ्याही लागल्या नाहीत. बागांतील चरबीचे गोळे आणि कापून ठेवलेली सफरचंदे हे या नव्या वाटेवर टिकून राहण्याचे एक मोठे कारण मानले जाते. सौम्य होत चाललेले हिवाळे हे दुसरे.

अंधार पडल्यावर फीडरखालची जमीन दुसऱ्यांच्या ताब्यात जाते. सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात आणि त्यांच्या वासावर कोल्हा. साळूसारखे काटेरी, पण अंग आखडून गोळा बनणारे हेजहॉगही चाचपडत फिरून जाते. यांच्यासाठी झाडाला बांधलेला स्वयंचलित कॅमेरा लागतो, जो समोरच्या उष्णतेतील हालचाल टिपून स्वतःच कळ दाबतो आणि न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात कृष्णधवल चित्र घेतो. जॉर्ज शायरस यांनी तारेला पाय अडखळला की आपोआप पेटणाऱ्या चकमकी दिव्यांनी रात्रीच्या हरणांची घेतलेली छायाचित्रे १९०६ साली ‘नॅशनल जिऑग्राफिक’मध्ये आली, तेव्हापासूनची ही वाट आहे, फरक इतकाच की त्या स्फोटक उजेडाने प्राणी उधळत, आता त्यांना सहसा पत्ताही लागत नाही.

महाराष्ट्रात ही सारी मांडणी जशीच्या तशी उचलून चालत नाही. इथल्या बागेतील शिंपी, दयाळ, नाचण, चष्मेवाला, शिंजीर, तांबट ही मंडळी किडे, मध किंवा फळे खाणारी, तेव्हा गच्चीत टांगलेल्या बाजरीवर चिमण्या, मनोल्या आणि क्वचित पोपट येतात, आणि लवकरच पारवे सगळ्यांना हुसकून देतात. पारव्यांची विष्ठा आणि पिसांची धूळ यांमुळे होणारा फुप्फुसांचा विकार हे २०२५ साली मुंबईतील कबुतरखान्यांवर आलेल्या बंदीचे मुख्य कारण होते, आणि तो वाद न्यायालयापर्यंत गेला. दाण्यांऐवजी पाणी ठेवले तर चित्र पालटते. एप्रिल-मे महिन्यांत सावलीत ठेवलेल्या मातीच्या पसरट परळात बोटाच्या दोन पेरांइतके पाणी, मधे एक खरबरीत दगड, आणि जवळ जास्वंदीचे झुडूप एवढ्यावर दाण्याकडे कधीच न फिरकणारी पाखरे येऊ लागतात. लालबुड्या बुलबुल आधी काठावर टेकतो, मग दगडावर, मग छाती बुडवून पंख फडफडवतो, आणि त्या शिंतोड्यांतून चष्मेवाले तीन-चारच्या टोळीने आपली आंघोळ उरकून घेतात. मात्र हे पाणी रोज बदलावे लागते, कारण डेंग्यूचा डास साचलेल्या पाण्यात आठवडाभरात तयार होतो.

पाणी पिणाऱ्या पाखराचे सर्वांना आवडणारे छायाचित्र ठरलेले आहे: मान वर, चोच आभाळाकडे, टोकाला थेंब. बहुतेक पाखरांना चोचीत घेतलेले पाणी घशाखाली उतरवण्यासाठी अशी मान वर करावीच लागते, म्हणून हे चित्र सहज मिळते. पारवा आणि होला मात्र चोच पाण्यात बुडवून तहान भागेपर्यंत ओढून पीत राहतात आणि मान वर करत नाहीत. त्यांच्या घशातला ट्रायकोमोनास तेवढ्या वेळात परळात उतरू शकतो, त्यामुळे ते पिऊन उडाले की छायाचित्राची वाट पाहत बसण्याआधी परळ पालथे घालून घासणीने घासून घ्यावे लागते.